कार्डावर आहे तेच लिही

“म्हणजे सर, बी पॉझिटिव्ह माणूस इन्स्पेक्शनला नको. असंच ना?”

शिरोळेंनी हे विचारलं तेव्हा माझी स्लाइड समोरच्या भिंतीवर होती. चाकणमधल्या एका कंपनीची कॉन्फरन्स रूम, सात-आठ माणसं, एसी जोरात. शिरोळे तिथले एचआर हेड. माझ्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी लहान, हुशार, कायम घाईत.

उत्तर सोपं होतं. ‘नाही, असं नाही.’ तीन शब्द.

मी म्हणालो, “अगदी तसं म्हणता येणार नाही, पण ट्रेंड दिसतोय.”

“ट्रेंड पुरे आहे आम्हाला,” शिरोळे म्हणाले आणि त्यांनी डायरीत एक ओळ लिहिली.

सगळं त्या डायरीतल्या ओळीपासून सुरू झालं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. ते खरं नाही. सुरुवात माझ्या फॉर्मपासून झाली.

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. डोळ्यांचा डॉक्टर नव्हे. ऑपरेशन करत नाही, औषध देत नाही. डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढणं हे माझं काम. पिंपळे सौदागरला दुकान आहे. काउंटर माझी बायको, शैला सांभाळते. दुकानाशिवाय मी कंपन्यांमध्ये कॅम्प घेतो. कामगारांचे डोळे जागेवर तपासायचे, रिपोर्ट द्यायचा. त्या कॅम्पांना फॉर्म भरायला शैला माझ्याबरोबर यायची. यायची, असं मुद्दाम लिहितोय.

ही कंपनी गाड्यांसाठी रबरच्या सील रिंग बनवते. शेवटच्या तपासणीला फायनल इन्स्पेक्शन म्हणतात. दिव्याखाली माणसं ओळीनं बसलेली असतात, बहुतेक बायका. रिंग बोटावर फिरवायची. चीर, बुडबुडा, कडेला राहिलेला रबराचा पापुद्रा दिसला की लाल डब्यात, नाही तर निळ्या डब्यात. दिवसभर तेच. त्या वर्षी कस्टमरकडून तक्रार आली की चिरलेल्या रिंगा पुढे येतायत. त्यावर कुणीतरी सुचवलं, इन्स्पेक्शनवाल्यांचे डोळे तपासा. मग ठरलं की तपासायचेच तर सगळ्यांचे तपासा. दोन दिवसांचा कॅम्प मला मिळाला. हे काम नीट झालं तर त्यांच्या तिन्ही प्लँटचं वर्षभराचं कॉन्ट्रॅक्ट मिळेल, असंही शिरोळेंनी सुचवलं होतं.

फॉर्म मी बनवला. नाव, वय, डिपार्टमेंट, कार्डाचा रंग (परमनंटचं पांढरं, कॉन्ट्रॅक्टचं पिवळं), उजवा डोळा, डावा डोळा. शेवटी एक रकाना ब्लड ग्रुपचा. तो कंपनीनं मागितला नव्हता. तो माझा शौक.

रक्तगट आणि चष्म्याचा नंबर यांचा काही संबंध आहे का, हे शोधायचा प्रयत्न लोक करत असतात. कुणाला थोडा संबंध सापडतो, कुणाला अजिबात नाही. ज्यांना सापडतो त्यांचा गटही दर वेळी तोच नसतो. एका सेमिनारला चहाच्या वेळी हा विषय निघाला आणि माझ्या डोक्यात बसला. कंपनीत तर प्रत्येकाच्या गळ्यात कार्ड आणि कार्डावर रक्तगट छापलेला. आयता माल. पंचवीस वर्षं चष्मेवाला म्हणून काढल्यावर आपली एखादी स्लाइड भिंतीवर लागावी असं वाटायला लागतं. मला वाटलं.

नंबर म्हणजे काय, तेही सांगतो. डोळ्याचा गोळा किंचित लांबट असला की बाहेरून आलेली प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच जुळते. मग दूरचं धूसर दिसतं. हा मायनस नंबर. त्यात आजार काही नाही, मापात फरक आहे. समोर भिंग धरलं की प्रतिमा पडद्यावर येते आणि काम भागतं. आणखी एक गोष्ट मायनसवाल्यांबद्दल. थोडा मायनस असलेल्या माणसाला जवळचं उत्तम दिसतं. वीतभर अंतरावर रिंग धरून चीर शोधायला अशी माणसं वाईट नसतात, उलट बरी असतात. चाळिशी लागली की मात्र जवळचंच दिसेनासं होतं. हे मला शिकताना पहिल्या वर्षी कळलं होतं. मीटिंगमध्ये मी ते बोललो नाही. जवळचं वाचायचा तक्ता मी कॅम्पमध्ये वापरलाही नव्हता. प्रत्येकाला दोन मिनिटं जास्त लागली असती.

कॅम्प कँटीनमध्ये झाला. टेबलं बाजूला सारली, दोरीनं सहा मीटर मोजले, भिंतीवर तक्ता लावला. ज्याच्याकडे चष्मा असेल त्यानं चष्मा लावून वाचायचं, नसेल त्यानं तसंच. ठरलेल्या ओळीपर्यंत वाचता आलं नाही की माझ्या यादीत ‘दोष’. मग मशीनवर नंबर बघायचा. पद्धत म्हणून यात चूक काही नाही. चूक मी पुढे केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कल्पना आली. इन्स्पेक्शनला होती, कॉन्ट्रॅक्टवर. तिशीच्या आतली, जिंतूरकडची, कुरुळीला खोली करून राहणारी. नवरा दुसऱ्या कंपनीत, एक मुलगी. हे नंतर कळलं. त्या वेळी एवढंच दिसलं की बाई डोळे बारीक करून वाचतेय.

“ताई, डोळे बारीक करू नका.”

“बारीक नाही केले तर दिसंना झालंय सर. मोठे करून काय करू?”

मागची रांग हसली. मीही हसलो. मशीनवर दोन्ही डोळ्यांना सव्वा मायनस निघाला. ट्रायल फ्रेममध्ये भिंगं घालून तिला लावली. ही फ्रेम म्हणजे भिंगं बदलता येतात असा तात्पुरता चष्मा. तिनं सगळा तक्ता खालपर्यंत वाचला. वाचून झाल्यावरही उतरवेना. खिडकीतून बाहेर, पार्किंगपलीकडच्या झाडाकडे बघत राहिली.

“पानं दिसायलीत सर,” ती म्हणाली.

शैला फॉर्म भरत होती. तिनं कार्ड बघून विचारलं, “बी पॉझिटिव्ह ना?”

“नाही ओ ताई, माझं ओ हाय. कार्डावर चुकून पडलंय.”

शैलानं माझ्याकडे पाहिलं. रांग मोठी होती आणि जेवणाची सुट्टी संपत आली होती.

मी म्हणालो, “अगं, कार्डावर आहे तेच लिही.”

शैलानं बी पॉझिटिव्ह लिहिलं.

पुढच्या रविवारी दुकानात बसून मी सगळे फॉर्म कॉम्प्युटरवर चढवले. गटवार मांडणी केली. एक गट लगेच वर आला. बी पॉझिटिव्हवाल्यांमध्ये ‘दोष’ इतरांपेक्षा ठळकपणे जास्त होते. मी खुर्चीवरून उठून शैलाला बोलावलं. तिनं पाहिलं आणि विचारलं, “एवढे सगळे बी पॉझिटिव्ह?” मी म्हटलं, आपल्याकडे असतात. वाक्य खोटं नाही, आपल्याकडे बी गट बराच आढळतो. पण तिनं विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं. मी स्लाइडचा रंग निवडत होतो.

त्यानंतर ती मीटिंग झाली.

पंधरा दिवसांत इन्स्पेक्शनच्या ओळीतली बी पॉझिटिव्ह कार्डवाली माणसं उचलून वॉशिंग आणि पॅकिंगला टाकली. माणसं पुरवणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरला तोंडी निरोप गेला की इन्स्पेक्शनला या गटाची माणसं पाठवू नका. लेखी काही नाही. हे मला शिरोळेंनीच फोनवर सांगितलं, अगदी आनंदानं. हेड ऑफिसनं कौतुक केलं होतं. वर्षभराचं कॉन्ट्रॅक्टही माझ्याकडे आलं.

कल्पना दुकानात आली तो तिच्या सुट्टीचा वार होता. कुरुळीहून शेअर रिक्षानं भोसरी, तिथून बसनं नाशिक फाटा, पुढे चालत. चष्मा तिनं आमच्याकडूनच केला होता. तो डोळ्यांवर होता.

“सर, डोळे चांगले हायत असं लिहून द्या,” ती म्हणाली. “बी रक्तवाल्यांचे डोळे खराब म्हणून लायनीवरून काढलंय मला. वॉशिंगला टाकलंय. लायनीवर माझ्याइतकं कुणी पकडत नव्हतं, सुपरवायझरला विचारा. पुढच्या महिन्यात इन्स्पेक्शनवाल्या दोघींना कंपनी रोलवर घेणार होते. त्यात माझं नाव होतं.”

कंपनी रोल म्हणजे कॉन्ट्रॅक्टरच्या यादीतून निघून कंपनीच्या यादीत जाणं. परमनंटची पहिली पायरी. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. मी दिघीत वाढलो. माझे वडील भोसरीच्या एका कारखान्यात आधी कित्येक वर्षं टेंपररी होते. परमनंट झाले तेव्हा चाळीत पेढे वाटले होते.

मी तिचे डोळे पुन्हा तपासले. चष्मा लावून पूर्ण नजर. लेटरहेडवर तसं लिहून दिलं. ती वाचून म्हणाली, “यात रक्ताचं काही नाही.”

“त्याचा मी काय दाखला देणार?”

“का बरं? लायनीवरून काढताना दिलाच ना?”

शैला काउंटरवर काचा पुसत होती. तिचा हात थांबला.

कल्पनानं पिशवीतून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेलं जुनं कार्ड काढलं. बाळंतपणाच्या वेळचं, सरकारी दवाखान्याचं. त्यावर शिक्क्याखाली स्पष्ट होतं, ओ पॉझिटिव्ह. मग कंपनीच्या कार्डावर बी कसं आलं? तिनं सरळ सांगितलं. कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसात गणेश नावाचा माणूस कार्डं बनवतो. कॉम्प्युटरवर रक्तगटाचा रकाना रिकामा सोडला तर कार्ड छापलंच जात नाही. गावाकडून आलेल्या माणसांकडे कुठला रिपोर्ट असणार? आणि असला तरी विचारतो कोण? गणेशचा स्वतःचा गट बी पॉझिटिव्ह. तोच सगळ्यांना टाकतो.

“आमी हसायचो त्याला,” ती म्हणाली. “म्हणायचो, गणेशभाऊ, सगळी कॉन्ट्रॅक्टची माणसं तुझ्याच रक्ताची केलीस की रे.”

ती गेल्यावर मी फॉर्मचा गठ्ठा काढला आणि एकेक बघत गेलो. बी पॉझिटिव्हच्या ओळीत जवळजवळ सगळी पिवळ्या कार्डाची, कॉन्ट्रॅक्टची माणसं होती. परमनंट लोकांचं दरवर्षी मेडिकल होतं. नंबर निघाला की चष्मा मिळतो. ते माझ्यापुढे चष्मा लावून आले आणि तक्ता वाचून गेले. कॉन्ट्रॅक्टच्या माणसांचे डोळे माझ्याआधी कुणी तपासलेच नव्हते. नंबर दोन्हीकडे सारखाच असेल, चष्मा एकीकडेच होता. मी ‘चष्मा नाही’ मोजलं आणि वर ‘ब्लड ग्रुप’ लिहिलं.

मला हे आधी कळायला हवं होतं. माझ्या वडिलांना पहिला चष्मा परमनंट झाल्यावर लागला, कंपनीच्या पहिल्याच मेडिकलमध्ये. आई म्हणायची, परमनंट झाले आणि डोळे गेले. आम्ही हसायचो. डोळे आधीपासूनच तसे होते, कुणी पाहिले नव्हते एवढंच.

शैला म्हणाली, “फोन करा शिरोळेंना.”

मी केला. पण मी त्यांना माझी स्लाइड चुकली आहे असं सांगितलं नाही. म्हणालो, कार्डांवरचे ब्लड ग्रुप एकदा तपासून घेतलेले बरे. शिरोळे हसले. म्हणाले, “सर, आपल्याच डेटावर आपणच डाउट घ्यायचा का? हे आता तिन्ही प्लँटला गेलंय.” मी म्हटलं, नाही, सहज आपलं. आणि फोन ठेवला.

शैलानं विचारलं, “सांगितलं?”

“सांगितलं.”

तीनेक महिन्यांनी कंपनीत सेफ्टी ऑडिट झालं. ऑडिटरनं कार्डावरच्या रक्तगटाचे रिपोर्ट मागितले. रास्त मागणी होती. अपघात झाला तर डॉक्टर स्वतः गट तपासूनच रक्त देतात, पण कार्डावर खोटं छापायचं कशाला? रिपोर्ट नव्हते. मग लॅबची माणसं आली आणि सगळ्यांची बोटं टोचली. कॉन्ट्रॅक्टची अर्ध्याहून जास्त कार्डं चुकीची निघाली.

कंपनीनं कॉन्ट्रॅक्टरला विचारलं. कॉन्ट्रॅक्टरनं सांगितलं, माणसांनीच चुकीची माहिती दिली. ते कागदावर आणण्यासाठी एक मजकूर छापून घेतला. ‘मी भरती होताना माझा रक्तगट चुकीचा सांगितला होता.’ खाली सही करायची. सगळ्यांनी केली. सही केली की काम चालू, नवीन कार्ड. यात कुणाचं काय जातं?

कल्पनानं केली नाही. म्हणाली, मी चुकीचं सांगितलेलं नाही. भरतीला कुणी विचारलंच नाही, कॅम्पमध्ये विचारलं तेव्हा मी बरोबर सांगितलं होतं. कॅम्पच्या सरांना विचारा.

म्हणून मला बोलावलं.

तीच कॉन्फरन्स रूम. एसी तसाच. शिरोळे, गणेश, कल्पना आणि मी. कल्पना उभी होती. तिला बस म्हणालेलं मला ऐकू आलं नाही आणि मीही म्हणालो नाही. गणेश पंचविशीतला, घाबरलेला. तो तिला हळूच म्हणत होता, “ताई, सही करून टाक ना. माझ्यावर कशाला आणते?” ती त्याला म्हणाली, “तुझ्यावर नाही आणत भावा. माझ्यावर घेत नाही, एवढंच.”

शिरोळेंनी मला विचारलं, “सर, या म्हणतात कॅम्पच्या वेळी त्यांनी तुम्हाला ओ ग्रुप सांगितला होता. तसं काही झालं होतं का?”

प्रश्न साधा होता. पण माझ्या ‘हो’ म्हणण्याला शेपूट होतं. हो म्हटलं की पुढचा प्रश्न आला असता, मग तुम्ही बी का लिहिलं? त्यापुढचा, असे आणखी किती? आणि मग ती भिंतीवरची स्लाइड, तिन्ही प्लँट, वर्षभराचं कॉन्ट्रॅक्ट. हे सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं. टेबलावर पाण्याची बाटली होती. मी तिच्या झाकणाकडे बघत होतो.

“आठवत नाही,” मी म्हणालो. “बरीच माणसं होती.”

शिरोळे कल्पनाकडे वळले. “बघा.”

तिनं माझ्याकडे पाहिलं असावं. मी वर बघितलं नाही. थोड्या वेळानं कार्ड टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. तिला ‘ब्रेक’ दिला. कॉन्ट्रॅक्टवाल्याला कामावरून काढत नाहीत, ब्रेक देतात. ब्रेक संपल्यावर बोलावतात किंवा बोलावत नाहीत. तिला बोलावलं नाही. तिचा गट ओ निघाला होता, म्हणजे शिरोळेंच्याच नियमाप्रमाणे ती इन्स्पेक्शनला चालली असती. ते कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं होतं.

घरी गेल्यावर शैलानं विचारलं, काय झालं. मी सांगितलं, मला आठवत नव्हतं.

ती पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, “मला आठवतंय. मीच लिहिलं होतं ना.”

त्यानंतर ती कॅम्पला आली नाही. मी विचारलं नाही, तिनं कारण दिलं नाही. आता फॉर्म मीच भरतो.

लॅबचे खरे रिपोर्ट शिरोळेंनी सेफ्टीच्या फोल्डरबरोबर मलाही पाठवले होते. त्यावरून मी तक्ता परत मांडला. गटागटांत डोळ्यात भरेल असा फरक उरला नाही. मग रक्तगट काढून टाकला आणि दोनच ओळी केल्या, परमनंट आणि कॉन्ट्रॅक्ट. तिथं फरक होता आणि तो बघायला मशीन लागत नव्हतं. ती फाइल लॅपटॉपमध्ये पडून राहिली. कंपनीबरोबरचं माझं कॉन्ट्रॅक्ट संपलं, पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला गेलं, तेव्हा मी ती शिरोळेंना मेल केली. धाडस स्वस्त झाल्यावर. मेल परत आला. शिरोळे ती कंपनी सोडून दुसरीकडे गेले होते. स्लाइड घेऊन गेले असतील. कस्टमरच्या तक्रारी चालूच आहेत, असं तिथल्या एका ओळखीच्या सुपरवायझरकडून कळलं. ओळीत आता चाळिशी ओलांडलेली परमनंट माणसं बसवली आहेत, लांबचा तक्ता उत्तम वाचणारी.

गेल्या महिन्यात कल्पना दुकानात आली. चष्म्याची दांडी सैल झाली होती. तीच फ्रेम. मोशीला एका गोडाऊनमध्ये पॅकिंग करते म्हणाली. शैलानं तिला खुर्ची दिली आणि पाणी आणून दिलं. मी स्क्रू काढला, नवीन घातला, आवळला. हे काम करताना मान खाली असते, बोलायला सोपं जातं.

“त्या दिवशी मला आठवत होतं,” मी म्हणालो.

“मला म्हाईत हाय सर,” ती म्हणाली. “तुमी बाटलीकडं बघायला लागलात, तवाच कळलं.”

तिनं चष्मा घातला. रस्त्यापलीकडच्या पाटीकडे पाहिलं, ओठातल्या ओठात वाचली. मग किती द्यायचे म्हणून विचारलं. शैला काही नाही म्हणाली. कल्पनानं तरी नोट काउंटरवर ठेवली आणि गेली.

माझ्या फॉर्मवर आता ब्लड ग्रुपचा रकाना नाही. त्या जागी दुसरा आहे, ‘याआधी डोळे कधी तपासले?’ कॉन्ट्रॅक्टची माणसं बहुतेक रिकामा सोडतात. मी रिकामाच राहू देतो.

चष्म्याच्या नंबराचं रक्ताशी काय नातं आहे, मला अजून माहीत नाही. चष्म्याचं कार्डाच्या रंगाशी आहे. तेवढं मी कुणी विचारलं तर आता लिहून देईन. अजून कुणी विचारलेलं नाही.